एका दगडाचा दाखला

वैजनाथच्या हॉटेलात भट्टीचा धूर इतका साचायचा, की भजी खाऊन बाहेर पडणारं प्रत्येक गिऱ्हाईक डोळे पुसत बाहेर पडायचं. नवख्या माणसाला वाटायचं, आत कुणाला तरी निरोप देतायत. भूमच्या बाजारपेठेतली ती इमारत निजामाच्या काळातली होती. अकरा गाळे एका ओळीत, मागं सगळ्यांची मिळून एकच अडीच फूट जाड दगडी भिंत आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर हातभर माती. इमारत एका ट्रस्टची होती आणि ट्रस्टचा नियम होता, की इंजिनिअरच्या दाखल्याशिवाय एकही दगड हलवायचा नाही. वैजनाथला एकच दगड हलवायचा होता. तेवढ्या जागेतून धुराचा पाइप मागं काढायचा, बस.

म्हणून धाराशिवहून भैरवी आली. स्ट्रक्चरल इंजिनिअर होऊन तिनं सहा महिन्यांपूर्वी स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक पाटी आणि पाटी सरळ आहे का हे दिवसातून तीनदा येऊन बघणारे तिचे वडील, अण्णा. स्वतःच्या सहीचा एकही कागद तिच्या हातून अजून बाहेर गेला नव्हता. त्यामुळं एका दगडासाठी तिनं तीन तास भिंत ठोकून, मोजून, कान लावून तपासली.

"म्याडम, भिंत काय बोलली का?" वैजनाथनं अदबीनं विचारलं.

"ही भिंत एक दिसते, पण आहेत दोन," भैरवी म्हणाली. "एक बाहेरची, एक आतली. मध्ये नुसती माती. दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या आहेत. हा लांब दगड दिसतोय ना, इकडून तिकडं आरपार गेलेला? जोडदगड म्हणतात त्याला. हा तो हात."

"मला तर त्योच काढायचाय. आरपार भोक आयतं मिळतंय."

"प्रत्येक गाळ्यात एक, असे अकरा हात आहेत. एक सुटला तर बाकीचे दहा सांभाळून घेतात."

"आन समदेच सुटले तर?"

भैरवी हसली. "सगळे कशाला सोडेल कुणी?"

हे ती हसत म्हणाली, ही गोष्ट तिला पुढं बरेच दिवस आठवत राहिली.

घरी येऊन तिनं दाखला तयार केला. 'सदर इमारतीच्या मागील भिंतीतील एक जोडदगड काढल्यास इमारतीस धोका नाही.' खाली सही आणि नवाकोरा शिक्का. अण्णांनी तो कागद जेवणाआधी वाचला, जेवताना वाचला आणि हात धुऊन पुन्हा वाचला. अण्णा भूमच्या शाळेत बावीस वर्षं शिक्षक आणि शेवटी मुख्याध्यापक होते. कागदात चूक सापडली नाही, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्यांचे डोळे भरून आले.

"फाईलला लावायला एक झेरॉक्स काढून आणतो," असं म्हणून ते बाहेर पडले आणि दोन तासांनी परत आले. एका झेरॉक्सला दोन तास कसे लागले, हे भैरवीनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मूळ दाखला कुरिअरनं वैजनाथला पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी सकाळी सातला तिचा फोन वाजला.

"म्याडम, मी शिवकांता. भूमच्या त्या दगडी बिल्डिंगीत माझं पार्लर हाय. एक इचारायचं होतं. भिंतीला पोट आल्यावर काय करत्यात?"

भैरवी अंथरुणात उठून बसली. "कुणाच्या भिंतीला?"

"आमच्याच. लई न्हाय, जरासंच हाय. चौथा महिना असावा असं दिसतंय."

भैरवीनं पहिली एसटी पकडली.

बसमध्ये ती मनातल्या मनात हिशेब मांडत होती. एका दगडानं भिंतीला पोट सुटणं शक्य नाही. म्हणजे आपलं काहीतरी चुकलं. पहिलीच सही आणि पहिलीच चुकली. भिंत पडली तर खाली अकरा दुकानं आणि वरच्या मातीवर तिचं नाव. जिल्ह्यात नंतर कुणी तिच्याकडून कोंबडीचं खुराडंसुद्धा बांधून घेतलं नसतं. आणि किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती अशाच पोटातून फुटल्या होत्या, हे इकडच्या चाळिशीपुढच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

ती गाळ्यांच्या मागच्या बोळात शिरली आणि थांबली. भिंतीत कंबरेच्या उंचीवर, सुतानं आखल्यासारखी, एका रेषेत भोकं होती. पहिल्या भोकातून कॉम्प्युटरची वायर लोंबत होती. दुसऱ्यातून शिलाई मशीनवरचे दोन पाय दिसत होते. तिसऱ्यातून पार्लरच्या बेसिनचा पाइप आला होता आणि त्यातून शाम्पूचा फेस. पुढच्या एका भोकात मांजर बसलं होतं. ते भैरवीकडं असं बघत होतं, जणू त्याच्याकडंही दाखला होता.

तिनं भोकं मोजली. दहा. सहाव्या गाळ्यामागं, म्हणजे वैजनाथच्या, छातीएवढं जळण रचलं होतं. त्यामागचं अकरावं भोक तर तिनं स्वतःच मंजूर केलं होतं. म्हणजे अकरापैकी अकरा हात सुटले होते. दोन्ही भिंती एकमेकींशी बोलणं टाकलेल्या जावांसारख्या पाठ फिरवून उभ्या होत्या आणि बाहेरचीनं रागानं पोट पुढं काढलं होतं.

पहिल्या गाळ्यात ट्रस्टचं ऑफिस होतं. तिथं रामहरी क्लार्क चष्मा पुसत बसला होता.

"हे कुणाच्या परवानगीनं झालं?"

"परवानगीशिवाय हितं पालसुद्धा भिंतीवर चढत न्हाय, म्याडम." रामहरीनं फाईल पुढं सरकवली. "एका भोकाला एक दाखला, असा नियम हाय. हे बघा, अर्ज, ठराव, दाखला. अर्ज, ठराव, दाखला. धा भोकं, धा दाखले. एक कागद कमी न्हाय."

भैरवीनं फाईल उघडली. दहाही दाखल्यांवर तिची सही होती. तीच ती एक सही, दहा वेळा. आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का: 'मूळ प्रतीवरून खरी प्रत. मुख्याध्यापक.'

पहिला अर्ज रामहरीचाच होता आणि मंजुरीची सहीही रामहरीची.

"स्वतःचा अर्ज स्वतःच मंजूर केलात?"

"आधी दोन दिवस प्रलंबित ठेवला," रामहरी अभिमानानं म्हणाला.

"अहो, हा दाखला वैजनाथच्या एका दगडासाठी होता!"

"तसं कुठं लिवलंय?"

भैरवीनं कागद वाचला. खरंच लिहिलेलं नव्हतं. फक्त गाळा क्रमांक सहा, हे चार शब्द तिच्याकडून राहून गेले होते. अण्णांनी तीनदा वाचूनही त्यांना ते सापडले नव्हते, कारण अण्णा फक्त सही वाचत होते.

"या झेरॉक्स आल्या कुठून?" तिनं विचारलं, पण उत्तर तिला शिक्क्यातच दिसत होतं.

"सरांनी दिल्या की," मागून व्यंकट टेलर म्हणाला. गळ्यात टेप घालून तो दारात उभा होता. "सर सोता आले हुते. समद्या गाळ्यांत फिरले. एका हातावर पेढा, एका हातावर झेरॉक्स. आमी सरांचेच विद्यार्थी. म्या म्हणलं, सर, हे काय? तर सर म्हणले, वाच मोठ्यानं. म्या मोठ्यानं वाचलं. सर म्हणले, शाब्बास. मग आमी काढला दगड."

"शाब्बास म्हणाले म्हणून दगड काढला?"

"म्याडम, सर मला उभ्या आयुष्यात पैल्यांदा शाब्बास म्हणले."

भैरवीनं अण्णांना फोन लावला. "अण्णा, तुम्ही भूमला गेला होतात?"

"गेलो होतो, दाखला झाल्यावर तिसऱ्याच दिवशी," अण्णांचा आवाज खुशीत होता. "अगं, लोकांना पेढा द्यायचा तर तो कशाचा पेढा, हे कळायला नको? विनापुरावा पेढा मी देत नाही."

"मिळेल त्या बसनं इकडं या."

"पेढे आणू?"

"अण्णा, नुसते या."

तोवर बोलावणं धाडलेला हरिबा गवंडी आला. सत्तरीचा, हाडकुळा माणूस. त्यानं ओळंबा सोडला, भिंतीपुढं उकिडवा बसला आणि दोरी न् भिंत यांच्यातली फट बोटांनी मोजली. मग म्हणाला, "म्याडम, ही भिंत पडलेली असाया पायजे."

"म्हणजे पडेल?"

"न्हाय. पडलेली असाया पायजे. परवाच. ही हुबी का ऱ्हायली, ते मला कळंना."

भैरवीलाही कळत नव्हतं. तिनं बोळातच वहीत आकडेमोड केली. वहीच्या मते त्या ठिकाणी सध्या ढिगारा होता. तिनं वही मिटली. "दगड परत बसवायचे. आजच्या आज, ज्याचे त्याच्या जागी. दुकानं रिकामी करा आणि भिंतीला बाहेरून तिरपे टेकू द्या. बांबू कुठं मिळतील?"

शिवकांता पुढं झाली. एका हातात मेंदीचा कोन, केसांना चिमटे. "बांबू हायत की. आज माझ्या भावाचं, सुरजचं लगीन हाय. मांडवातले काढू."

अर्ध्या तासात जेवणाच्या मांडवातले आठ बांबू आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मांडव जरा खाली बसला. उंच पाहुण्यांना जेवण झालं तरी बसूनच राहायला सांगण्यात आलं.

आता दगड. एकेक दगड अडीच फूट लांब, उचलायला चार माणसं. त्यामुळं ते फार लांब गेले नसतील, असा भैरवीचा अंदाज होता. दगड लांब गेले नव्हते, पण कामाला लागले होते. व्यंकटनं आपल्या दगडाखाली पँटा दाबून ठेवल्या होत्या. पँट आत सारायला चार माणसं आणि काढायला चार माणसं लागत, पण घडी अशी पडायची की गिऱ्हाईक बसलं तरी मोडायची नाही. काही गिऱ्हाइकांना तर बसताच यायचं नाही. फोटो स्टुडिओवाल्यानं दगडाला किल्ल्याच्या पडद्यापुढं ठेवलं होतं आणि लग्न ठरलेली जोडपी त्यावर बसून लांब बघायची. पानाच्या दुकानापुढं दोन दगडांचा बाक झाला होता. त्यावर चौघं सकाळपासून बसले होते.

"उठा, दगड पायजे," हरिबा म्हणाला.

"आमच्यासकट न्या," त्यातला एक म्हणाला. "आमी काय नडत न्हाय."

शिवकांताच्या दगडाची तर पार्लरची पायरी झाली होती आणि तिनं त्याच्या तोंडावर गुलाबी फरशी चिकटवली होती. फरशीवर सोनेरी अक्षरांत 'वेलकम' लिहिलं होतं.

"ही फरशी निघत न्हाय," हरिबानं टोकरून सांगितलं. "काढाय गेलं तर दगड फुटंल."

"राहू द्या तशीच."

"भिंतीत?"

"भिंतीत."

वैजनाथचं भोक मंजूरच होतं, म्हणून दहाच दगड हवे होते. अशा रीतीनं दुपारी दोनपर्यंत त्यातले नऊ जमले. दहावा रामहरीचा होता. रामहरी फाईल चाळायला लागला.

"रामहरीभाऊ, दगड फाईलमध्ये नसणार," भैरवी म्हणाली. "कुठाय?"

"येरमाळ्याला."

"येरमाळ्याला?"

"माझ्या आत्याला धुणं धुवायला चांगला दगड पायजे हुता. आजकालच्या दगडांत ती मजा न्हाय म्हणती. काळी-पिवळीत मधल्या सीटवर टाकून पाठवला."

रामहरीनं आत्याला, म्हणजे द्वारकाबाईंना, फोन लावला. फोनमधून धुणं आपटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"आत्या, त्यो दगड लगी माघारी पायजे."

"दोन बादल्या राहिल्यात."

"आत्या, दगड जीपमधी टाकायचा आन पाठवायचा. आत्ताच्या आत्ता. हितं जीवावर बेतलंय."

"कुणाच्या रं?" द्वारकाबाईंनी घाबरून विचारलं आणि तेवढ्यात रामहरीच्या फोनची बॅटरी गेली.

दुपारभर हरिबा एकेक दगड त्याच्या भोकात सारत राहिला. कुठला दगड कुठला, हे तो दगडाला हात लावून ओळखायचा. फटींत लहान चिपा हळूच ठोकायच्या, वर चुन्याचा मसाला भरायचा आणि मग भिंतीवर कान ठेवून थोडा वेळ थांबायचं. अण्णा तीनच्या बसनं पोचले. बोळात येऊन त्यांनी भिंत पाहिली, भोकं पाहिली, मुलीचा चेहरा पाहिला. हातातली पिशवी त्यांनी पाठीमागं लपवली. पिशवीत पेढे होते.

"भैरवी," ते हळू आवाजात म्हणाले, "मी कौतुक म्हणून दिल्या गं."

भैरवीला रागवायचं होतं. पण ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या चुका काढल्या, त्याला आपल्या पोरीच्या कौतुकाची सवय नसणार, हेही तिला दिसत होतं. शिवाय चार शब्द तिचेच राहिले होते. ती म्हणाली, "अण्णा, आधी भिंत. मग तुम्ही."

साडेचारला आठ दगड बसले. नववा, 'वेलकम'वाला, आत सरकत होता. आणि तेव्हाच शेजारच्या पत्र्याला कंप सुटला. मग व्यंकटच्या बाहेर काढलेल्या टेबलावरची कात्री चालायला लागली. मग भिंतीच्या पोटातून बारीक माती झरली.

"हे काय?" भैरवीनं विचारलं.

शिवकांतानं जीभ चावली. "परण्या निघाला."

लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजत-गाजत मारुतीला जातो, तो परण्या. सुरजच्या परण्याला बार्शीहून सोळा बॉक्सचा डीजे आणला होता. मारुतीचं देऊळ बाजारपेठेच्या त्या टोकाला आणि दुसरा रस्ता पाइपलाइनला खणलेला.

"डीजे बंद करायला सांगा!"

"म्याडम, एकुलता एक भाऊ हाय. ह्या दिवसासाठी मी दोनदा केस स्ट्रेट केले. आन माझं कोण ऐकणार? त्यातली निम्मी पोरं आत्ता ह्या जगात न्हाईत, बॉक्सपुढं हायत."

ओला मसाला, एक उघडं भोक, वर हातभर माती आणि कोपऱ्यावर सोळा बॉक्स. भैरवी रस्त्याकडं धावली. पण तिच्या आधी अण्णा पोचले होते. रस्त्याच्या मधोमध, पांढरा सदरा, एका हातात पेढ्यांची पिशवी. डीजेची गाडी वळली. समोर दीडशे माणसं नाचत होती. अण्णांनी दुसरा हात वर केला आणि बावीस वर्षं जो आवाज चौथीच्या वर्गापासून फाटकापर्यंत जायचा, तो काढला.

"हाताची घडी! तोंडावर बोट!"

पुढच्या रांगेतली तिशी-चाळिशीची माणसं जागच्या जागी थिजली. हात आपोआप वर गेले. हाताची घडी घालून तोंडावर बोट कसं ठेवायचं, हा प्रश्न शाळेतही कधी कुणी विचारला नव्हता, इथंही कुणी विचारला नाही. प्रत्येकानं आपापल्या परीनं जमवलं. डीजेवाल्याची एक इयत्ता अण्णांकडं, आजोळी राहून, झाली होती. त्यानं बटन दाबलं. बाजारपेठ एकदम शांत झाली. घोड्यावर सुरजनं मुंडावळ्या बाजूला करून तोंडावर बोट ठेवलं.

"सर," मागून एक दबका आवाज आला, "नाचू का?"

अण्णांनी भैरवीकडं पाहिलं. भैरवी म्हणाली, "नाचा. पण उड्या नाही आणि पाय आपटायचे नाहीत."

आणि भूमच्या बाजारपेठेतून तो परण्या निघाला. डीजेवाल्यानं दिवे मात्र बंद केले नाहीत. लाल-निळ्या उजेडात दीडशे माणसं चवड्यांवर, तोंडावर बोट ठेवून, अगदी हळू नाचत होती. ज्यांच्याकडं इअरफोन होते, त्यांनी ते लावले आणि बाकीचे त्यांच्याकडं बघून नाचले. त्या इअरफोनवाल्यांतला एक क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत होता, त्यामुळं चौकार गेला की एक गट उगाच वेगळा नाचायचा. शिवकांतानं स्ट्रेट केलेले केस झुलवले, पण हळू. घोडा इतका गोंधळला, की त्यानंही पाय टेकताना विचार केला.

आता ज्या रस्त्यावर डीजेशिवाय कुणी जात नाही, तिथून दीडशे माणसं मुकाट चालली म्हटल्यावर बघणाऱ्यांचा काय समज व्हायचा? पलीकडच्या किराणावाल्यानं शटर अर्ध्यावर ओढलं. त्याचं बघून भांडीवाल्यानं ओढलं. दोघांनी टोप्या काढल्या.

"कोण गेलं?" भांडीवाल्यानं कुजबुजत विचारलं.

"अजून न्हाय गेली," व्यंकट तितक्याच हळू म्हणाला. "भिंत हाय."

"व्हय का," भांडीवाला म्हणाला. "लई जुनी हुती."

नेमकी याच वेळी येरमाळ्याची काळी-पिवळी बाजारपेठेच्या तोंडाशी थांबली. मधल्या सीटवर दगड होता. दगडाशेजारी, मांडीवर ओल्या धुण्याची बादली घेऊन, द्वारकाबाई बसल्या होत्या. दगड जाईल तिथं धुणं जाईल, असा त्यांचा निश्चय होता. त्यांनी खाली उतरून पाहिलं. दुकानं अर्धी बंद. माणसं गप्प. घोड्यावरच्या पोरानं तोंडावर बोट ठेवलेलं. त्यांना रामहरीचं 'जीवावर बेतलंय' आठवलं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि टाहो फोडला.

"अरं माझ्या रामहरी रं! आत्याला दगड मागितलास आन सोता गेलास रंऽऽ!"

भिंतीतून मूठभर माती खाली आली. डीजेचे सोळा बॉक्स जे करू शकले नव्हते, ते द्वारकाबाई एकट्या करतील, अशी चिन्हं दिसू लागली. अण्णांनी हात वर केला, पण द्वारकाबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या.

रामहरी पळत आला. "आत्या, मी हाय! मी हाय! हळू! हे लगीन हाय!"

द्वारकाबाईंनी त्याला चाचपून पाहिलं. "लगीन हाय? मग ही माणसं अशी का करायलीत?"

"भिंत पडंल म्हणून."

"आगं बया," असं म्हणून द्वारकाबाईंनी डोळे पुसले. काढलेला सूर वाया घालवायचा नाही म्हणून त्यांनी त्याच सुरात, पण तोंडातल्या तोंडात, हळदीचं गाणं धरलं. बायकांनी ते उचललं आणि परण्या कुजबुजत मारुतीकडं गेला.

चौघांनी दगड बोळात आणला. त्यावर इतका साबण होता, की हातातून दोनदा निसटला. हरिबानं तो भोकाच्या तोंडाशी टेकवला, तळहातानं एक धक्का दिला आणि दगड एका दमात आरपार आत गेला. दिवसभरात एवढा सुखानं एकही दगड बसला नव्हता.

"धुऊन आणलेला दगड," हरिबा म्हणाला. "हितनं फुडं समदे असेच आणा."

भैरवीनं ओळंबा लावला. पोट होतं तेवढंच होतं, वाढलं नव्हतं. दहा दगड आत होते, टेकू बाहेर होते. महिनाभर टेकू ठेवून पोटाचा भाग टप्प्याटप्प्यानं उतरवून पुन्हा रचायचा, असं तिनं ठरवलं. पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. अकरापैकी अकरा हात सुटलेले असताना ही भिंत इतके दिवस उभी राहिली कशी? हरिबाही तेच पुटपुटत होता.

दिवसभर बंद असलेलं वैजनाथचं हॉटेल तेवढ्यात उघडलं. लग्नाच्या स्वयंपाकाला आचारी तोच होता. मांडवात वाकून वाकून वाढल्यामुळं त्याची पाठ धरली होती. भैरवी, अण्णा आणि हरिबा आत गेले. आत धुराचा मागमूस नव्हता. भैरवीनं मागच्या भिंतीकडं पाहिलं.

जोडदगड जिथल्या तिथं होता.

"वैजनाथभाऊ, तुम्ही दगड काढला नाही?"

"न्हाय, म्याडम."

"अहो, दाखला तुमच्यासाठी होता! सगळ्या भूममध्ये दगड काढायची परवानगी फक्त तुम्हाला होती!"

वैजनाथ अवघडला. "राग मानू नका. पर तुमचा दाखला वाचला आन मला भ्या वाटलं. धोका न्हाय, असं सही करून, शिक्का मारून लिवलंय, म्हणजे काय तरी धोका असणारच. आमच्या भज्यांवर कुणी लिवतं का, धोका न्हाय म्हणून?"

हरिबानं त्या एकट्या दगडावर हात ठेवला. मग कान लावला. "ह्यो हुता," तो म्हणाला. "समदी भिंत ह्या एकट्यानं धरली हुती."

भैरवी बाकावर बसली. भिंतीला वाचवलं होतं ते तिच्या दाखल्यावर विश्वास न ठेवणाऱ्या एकमेव माणसानं.

"मग धुराचं काय केलंत?"

वैजनाथनं देवाच्या फोटोंकडं बोट दाखवलं. मधोमध, काचेच्या चौकटीत, झेंडूचा हार घातलेला दाखला होता. मूळ प्रत. "सर म्हणले हुते, ओरिजनल जपून ठेव. धुरानं काळा पडला असता. म्हणून म्या भट्टीच बाहीर घेतली. आता पाइपची गरजच न्हाय."

अण्णा चौकटीपुढं उभे राहिले. त्यांनी तो कागद चौथ्यांदा वाचला. या वेळी सगळा वाचला आणि कुठं काय राहिलंय तेही त्यांना सापडलं. त्यांनी खिशातलं लाल पेन चाचपलं आणि तसंच ठेवलं.

भैरवीनं वैजनाथच्याच टेबलावर नवा दाखला लिहायला घेतला. गाळे क्रमांक एक ते अकरा, प्रत्येक दगडाची जागा, आणि खाली, यापुढं एकही दगड हलवू नये. काहीही न विसरता लिहिलेला तिचा हा पहिलाच दाखला. तिनं सही केली. अण्णा मागून डोकावून वाचत होते. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले.

"उत्तम," ते म्हणाले. "अगदी उत्तम. भैरवी, कोपऱ्यावर एक दुकान अजून उघडं आहे. मी म्हणत होतो, याची एक झेरॉ..."

भैरवीनं मान वर केली.

"अण्णा, हाताची घडी."

अण्णांनी पेढ्यांची पिशवी खाली ठेवली, हाताची घडी घातली आणि आपल्या परीनं तोंडावर बोटही ठेवलं.